चारपासून पुढे

मला आकडे ऐकू आले ते चारपासून.
चार, पाच, सहा.
रेफरीची बोटं पाण्याखाली उघडावीत तशी उघडत होती
आणि आवाज ग्लासगोच्या त्या हॉलमधला नव्हताच,
धक्क्यावरून कुणी होडीला हाक मारावी तसा.
आठला मी एका गुडघ्यावर.
दहा चांगला आठवतो.
एक, दोन, तीन कुठे गेले?

अक्राला उतरलो तेव्हा शहरात ढोलबंदी होती.
मका पेरलाय, त्याला निवांत उगवू द्या,
म्हणून महिनाभर ना ढोल ना लाउडस्पीकर,
मयतालाही हलक्या गळ्याने रडायचं.
मागच्या खेपेला बुकोमच्या पोरांनी मला
खांद्यावरून थेट समुद्रात नेऊन उभं केलं होतं,
पट्ट्यासकट.
आता गल्लीत शिरलो तर
लोकांच्या गप्प राहण्याला देवाचीच परवानगी.
बरं झालं, मी म्हणालो.
बरं कसलं.
सगळं गाव निजलं
की उजव्या कानातली शिट्टी जागी होते.

माझी ती तीन सेकंदं
अख्ख्या गल्लीच्या खिशात आहेत.
शिंप्याच्या फोनवर, मासेवालीच्या लेकाच्या फोनवर.
सगळ्यांनी पाहिली.
मी नाही.
मी दिसलो की फोन पालथे होतात
पत्त्यांसारखे.

आता क्वेई रोज संध्याकाळी येतो,
बाकड्याच्या त्या टोकाला बसतो.
त्या रात्री टॉवेल त्याच्या खांद्यावर होता.
त्याने टाकला नाही.
टाकलास तर तोंड पाहणार नाही तुझं,
असं मीच बजावलं होतं.
यावर आम्ही बोलत नाही.
जेवलास? तो विचारतो.
जेवलो, मी म्हणतो.
मग तो गुडघे दाबत उठतो आणि जातो.
म्हातारा झालाय, पण आठवड्यात एवढा नव्हता झाला.

झोपेत मी ती झुंज जिंकतो.
तेच वाईट.
जाग आली की पुन्हा पडतो,
चटईवर, आमच्याच खोलीत,
आणि मोजायला कुणी नसतं.

मावशी डेडेई पहाटे भट्टीवरचे मासे मोजते,
एकोमे, एन्यो, एते,
धुरातून, शेजारी ऐकू जाणार नाही इतकं हळू.
चार यायच्या आत मी कूस बदलतो.
तिला कळलंय.
हल्ली ती तीन-तीनचेच वाटे करते.

काल खाऱ्या वाऱ्याला पाठ देऊन
जिमच्या मागच्या भिंतीशी उभा होतो.
पलीकडे पोरं हसत होती, तोंड दाबून,
बंदी आहे ना.
अयिक्वेई, नऊ-दहा वर्षांचा, पडायचं सोंग करत होता.
डोळे पांढरे, गुडघे मेणाचे, धप्प.
मी पडलो होतो तसा.

मला पाहिलं आणि पोरं पांगली.
तो वाळूत तसाच राहिला,
उठावं की मरून पडावं या विचारात.

मी म्हणालो, चुकतोयस.
डावा हात कुठे होता माझा?

त्याने आवंढा गिळला.
खाली, म्हणाला. मांडीपाशी.
तुम्ही त्याच्या पायांकडे बघत होता.

पायांकडे?

हो. मग तो असा आला.
त्याने आपल्याच हनुवटीला मूठ लावली,
अगदी हलकी, झोपलेल्याला उठवावं तशी.
मग तुम्ही हसलात.

हसलो?

थोडंसं. आणि मग पडलात.

पुन्हा दाखव, मी म्हणालो.

त्याने दाखवलं. सावकाश. मन लावून.
हात खाली, नजर पायांवर,
ते हसू, जे माझं होतं आणि मला माहीत नव्हतं,
मग गुडघे, मग खांदा, मग गाल वाळूत.

मी त्याच्यावर ओणवलो.
हलक्या आवाजात, मक्याला जाग येऊ नये म्हणून,
एकोमे, म्हणालो.
एन्यो.
एते.

भिंतीपलीकडून त्याच्या आईने नाव घेतलं
आणि तो ताडकन उठला,
गालाची वाळू न पुसता धावत सुटला घराकडे.

मी तिथेच,
वाकलेला,
तीन बोटं उघडी.