प्रश्न उद्भवत नाही

आधी मोबाइलवरच शोधलं.
'खाण' असा शब्द टाकला
तर विधानसभेने दिली
आमदार निवासातली खाणावळ,
आश्रमशाळांच्या जेवणखाणाचे दर,
कुणा सदस्याने समोरच्या बाकाला केलेल्या खाणाखुणा
आणि त्यावर अध्यक्षांनी दिलेली समज.
तुर्भ्याची खाण आली नाही.

म्हणून ठाण्याला आले.
ग्रंथालयाच्या पोटमाळ्यावर
कार्यवाहीचे खंड
तलावाकडच्या खिडकीखाली ओल धरून बसलेत.
वैद्यबाई किल्ली देताना म्हणाल्या,
बारा वर्षांत हे मागणारी तू दुसरी.
पहिला वाळवीचं औषध मारायला आला होता.

सूची. क.
कोटकर, श्री. पदाजी बामा.
पाच वर्षं, एकशे अठरा नोंदी.
जकात. भरावाची माती. खाडीवरचा पूल.
पुन्हा खाडीवरचा पूल.
साडेबारा टक्के, साडेबारा टक्के, साडेबारा टक्के.
समाजकल्याण या मथळ्याखाली
एकच पान : ७४३.

तिथे बोट ठेवून थांबले.
आई सांगायची, पदाशेठ आला होता खाणीवर.
पांढऱ्या बुटांवर धूळ घेत
एकेकीला विचारत गेला, घरात खोकला कधीपासून?
लग्नपत्रिकेच्या पाठीवर नावं लिहून घेतली.
बाबा जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता.
आई म्हणायची, लिहून नेलं म्हणजे कुठंतरी वाचलं असेल.
मी म्हणायचे, पत्रिका होती ना?
लग्नाला गेला असेल.

७४३.
अर्धा-तास चर्चा. रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटे.
सन्माननीय सदस्य बोलताहेत
फुफ्फुसात बसणाऱ्या दगडाच्या भुकटीबद्दल,
क्षयाच्या गोळ्या हातात देऊन परत धाडलेल्या माणसांबद्दल,
हजेरीबुकात नवऱ्याचंच नाव नाही
म्हणून विधवा न ठरलेल्या बायकांबद्दल.
कंसात : (अडथळा).
कंसात : (हंशा).
कशाला हसले ते दिलेलं नाही,
लघुलेखकाने नुसतं हसू उतरवून घेतलंय.
मग तो नावं वाचायला लागतो.
दुर्गव्वा. भीमव्वा. रेणव्वा...
सातवं : एलाबाई धोत्रे.

माझ्या आईचं नाव यल्लव्वा.

(घंटा)
अध्यक्ष महाराज, अजून अकरा नावं आहेत.
(घंटा)
ती पटलावर ठेवावीत.
ठेवली असतील. या खंडात नाहीत.

मंत्रिमहोदयांचं उत्तर पुढच्या पानावर,
तिथली शाई मात्र कुठे पसरलेली नाही :
(१) हे खरे नाही.
(२) सदर महिलांचे पती कामगार असल्याची नोंद आढळत नाही.
(३) प्रश्न उद्भवत नाही.

त्यानंतर त्या माणसाने खाणीचं नाव काढलं नाही.
ग्रंथालय बंद व्हायच्या घंटेपर्यंत पानं उलटली,
उरलेली अडीच वर्षं नुसता पूल
आणि साडेबारा टक्के.
दमला, विसरला, की कुणी बाजूला घेऊन समजावलं,
याची सूची करत नाहीत.

झेरॉक्सवाल्याने विचारलं, पाठपोट काढू?
नको म्हटलं. पाठीवर साखरेचा प्रश्न होता.

रात्री तुर्भे स्टोअरला, आमच्या खोलीत,
आईला वाचून दाखवलं.
वाफेचा मुखवटा कपाळावर सरकवून ती ऐकत राहिली.
हंशा मी गाळला.
घंटा गाळल्या.
सातव्या नावाशी आले तेव्हा
छापलंय ते न वाचता यल्लव्वा म्हटलं.
मंत्र्यांच्या पानाची घडी पर्समध्येच ठेवली.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग विचारलं,
माझं नाव हणमव्वाच्या आधी घेतलं का नंतर?

पान पुन्हा दिव्याखाली धरलं.
नंतर. ती सहावी आहे.

'हां,' म्हणाली,
'रांगेत ती माझ्या पुढंच होती.'
आणि मुखवटा परत नाकावर ओढला.