गारगोटी

माकाल्डरच्या खाणीपाशी, ऊन चढायच्या आत
अवूअर दगड चाटून बघते.
ओला झाला की बोलतो म्हणते,
कोरडा असेपर्यंत मुका.

पहिल्या दिवशी मी नेली होती
दुधासारखी गारगोटी, एक डाग नाही.
तिनं हातातसुद्धा घेतली नाही.
"एवढी स्वच्छ? हिच्या पोटातून
कधी काही गेलंच नाही."

तिला हवा असतो गंजलेला,
किडक्या दाढेसारखा पोखरलेला,
भेगेत तांबडी माती धरून बसलेला.
चमकलं काही, की ती उन्हाकडे पाठ करते,
आपल्याच सावलीत धरते दगड.
विझलं, तर अभ्रक.
सुईखाली भुगा झाला, तर तेही नाही.
सुई रुतली, तर
काही बोलत नाही,
लेसोच्या गाठीत बांधून टाकते.

आज एक दगड तिनं चारदा चाटला,
तीनदा सावलीत नेला,
मग माझ्या पुढ्यात टाकला.
"कुणास ठाऊक. फोड."
चाळीस वर्षं झाली तिला या कामात.

मी हातोडा उचलला.

ती पांढरी गारगोटी आहे अजून.
रात्री तळ्यावरून वारा सुटला
की पत्र्याचं दार आपटतं,
त्याला लावते.