उसवण

मनामाच्या बाजारात, हुरजूकांच्या दुकानात
माझं मशीन खिडकीपाशी.
गोऱ्यांच्या आरमाराची शिलाई आमच्याकडे यायची:
बिल्ले, फिती, सैल झालेली बटणं.

आखाती पदकाची फीत आधी बोटांनीच वाचली.
मधोमध वाळूचा रुंद पट्टा,
दोन्ही काठांना निळा, लाल, आभाळी.
पदकाच्या पाठीवर गरुड, बंदूक, नांगर.
नांगर म्हटलं की प्रिचर्डला समुद्र दिसायचा,
मला आमचं मुरूडचं खाचर.

तो एका दुपारी डगला घेऊन आला. म्हणाला, काढ.
सलग तीस दिवस लागतात,
त्याचे एकोणतीस भरले.
लढाई पेटल्यावर सातही पुरत होते,
पण हा त्याआधीच शिडीवरून पडून
पाय प्लास्टरात घालून घरी गेलेला.
कारकुनानं चुकून दिलं,
मोजलं कुणी, तर यानं स्वतःच.

मी ब्लेड घेतलं. टाका टाका उसवला.
वाफेची इस्त्री दोनदा फिरवली
तरी सुईची भोकं राहिलीच,
काळ्या कापडावर मुंग्यांची रांग.

‘तू होतास तेव्हा?’ त्यानं विचारलं.
होतो. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून,
भोंगा झाला की मशीनखाली.
किती दिवस?
मोजले नाहीत, म्हटलं. ईदचे कपडे द्यायचे होते.

उसवण्याचे पैसे मी घेत नाही.
तरी त्यानं शंभर फिल्स ठेवले
आणि फीत तिथेच राहिली,
कात्रीखाली.