बोट लागते का?

बुधवारी सकाळी खुब्याचे पेशंट असतात.
स्लायगोच्या त्या खोलीत हीटर चालू होता, तरी
अट्रॅक्टा गिलमार्टिन, वय एकाहत्तर,
कोट काढायला तयार नव्हती.
पिशवीत घरचा कप, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

मी कॉम्प्युटरवर तिला भरत होते:
ॲलर्जी, गोळ्या, गेल्या वर्षात पडलात का.
यापूर्वीच्या शस्त्रक्रिया?
अपेंडिक्स, म्हणाली, बासष्ट साली,
वॉर्डात नन्स होत्या, लाल जेली द्यायच्या.
पित्ताशय, दुर्बिणीतून. चार भोकं.
मग थांबली.
दाढ धरतात का?
दाढ नाही धरत.
तिने हातमोज्याची बोटं एकेक करून सरळ केली.

टाकेच नसतील
तर तिला शस्त्रक्रिया म्हणायचं का?

कसली, मी विचारलं, नजर स्क्रीनवरच.
एकोणऐंशी, म्हणाली. लिव्हरपूल.

आमच्याकडे या दोन शब्दांपुढे
कोणी तिसरा विचारत नाही.
बोट माझ्या जन्माआधीची,
भोंगा मलाही ऐकू येतो.

सात मिनिटं लागली म्हणे.
भिंतीवर बदकांचं कॅलेंडर, महिना मागचाच.
'झालं बघ, पोरी,' असं एक नर्स म्हणाली,
तिचं नाव विचारायचं राहिलं.
आईला सांगितलं होतं चुलतबहिणीचं लग्न आहे,
म्हणून येताना बेकरीतून फ्रूटकेकचा तुकडा घेतला,
चांदीच्या कागदात.
आईने खाल्ला. कोरडा झालाय म्हणाली.

स्क्रीनवर दोनच पर्याय,
सर्जरी, प्रोसिजर,
एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
मी शिकलेलं आठवत बसले.
छेद नाही. टाका नाही.
नळी आत जाते, बाहेर येते.
पुस्तकात प्रोसिजर म्हटलंय, बिलात कुठे कुठे सर्जरी,
आणि शस्त्रक्रियेला आधी शस्त्र लागतं.
ते त्या खोलीत नव्हतं.
ते अलीकडच्या काठावर होतं, चर्चच्या पायऱ्यांवर,
'आमच्या घराण्यात नाही हो असलं काही'
हे म्हणताना वाढलेल्या चहात.

प्रोसिजर, मी म्हटलं,
आणि तिला बरं वाटावं म्हणून जोडलं:
फार छोटी गोष्ट असते ती, बाई.

तिचा चेहरा सैल झाला.
मग झाला नाही.
चव्वेचाळीस वर्षं सांभाळली मी ती,
साऱ्या गावाने सांगितलेल्या आकारात.
पस्तावा नाही हं. एक दिवस नाही.
पण छोटी म्हणू नकोस.

मी सॉरी म्हटलं. ती ऐकत नव्हती.
आमच्या शेजारणीची नात, म्हणाली,
तिला डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, इथेच, आपल्या गावात.
सोफ्यावर पडून टीव्ही बघत होती.
ते काय म्हणायचं?
औषध, मी म्हटलं.
औषध, ती म्हणाली, दोनदा,
नव्या बटाट्याची चव बघावी तसं.

मी प्रोसिजरवर क्लिक केलं. पान उघडलं.
भूल दिली होती? थोडी.
नंतर मळमळ, उलटी?
झाली की. रात्रभर. कठड्याला धरून.
भुलीमुळे?
कोण जाणे, समुद्र खवळला होता.

पुढचा प्रश्न मी रचलेला नाही,
तो फॉर्मवर आहे, भूलतज्ज्ञांना लागतो:
गाडी किंवा बोट लागते का?

मला? अट्रॅक्टा हसली, पहिल्यांदाच.
बापाच्या होडीत वाढले मी,
बांगडे ओढायला पाच जणांत मी एकटी मुलगी.
मला कधी बोट लागली नाही.

ती एक सोडून.

होय, नाही. दोनच चौकटी.
मी 'नाही' केलं, खोडलं, 'होय' केलं.
रक्तदाब राहिलाय, म्हटलं.
तेव्हा कुठे तिने कोट काढला.