विणायला बसतेस तशी

टेबलावर चढतानाच उनालोतोनं माफी मागितली.
कशाची, ते सांगितलं नाही.
टेबल करकरलं, एवढंच झालं होतं.

नेईआफूचं छोटं इस्पितळ, रात्रीचे अडीच.
बंदरात बोट लागलीय, पिठाची पोती उतरताहेत.
इथं बाळाचे ठोके उतरताहेत.
घाई आहे, पण घाई तिला दिसता कामा नये.

मी म्हणालो, पाय स्टुलावर ठेव. उशी कवटाळ.
हनुवटी छातीला, खांदे सैल,
पाठ मांजरासारखी काढ बाहेर.
ती वाकायला जायची आणि पोटापाशी अडायची.
बाळच मध्ये, त्याला कुठं सारणार?

पुस्तकात कमरेची हाडं हाताला लागतात,
त्यांच्यामधून रेघ जाते, रेघेवर मणका सापडतो.
माझी बोटं फिरत राहिली
ओल्या वाळूत पडलेली अंगठी शोधावी तशी.
कातडीची घडी डावीकडं ओघळलेली;
तिलाच मध्य मानला, तिथंच फसलो.
पहिली सुई हाडावर.
दुसरीही.

"मी फार मोठी आहे ना, डॉक्टर?"
हे ती मला नाही, मेलिआमेच्या खांद्याला म्हणाली.
मेलिआमे, वीस वर्षांची सुईण,
तिच्यापुढं पाय रोवून उभी होती.
माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं,
"चटई कशी विणतेस गं तू?"
"कशी म्हणजे? खाली बसून."
"मग बस की तशी."

स्टूल बाजूला झालं.
उनालोतोनं टेबलावरच मांडी घातली.
पोट मांड्यांच्या मधे अलगद उतरलं,
मान आपोआप खाली गेली,
हात पुढं, जणू केवड्याच्या पात्यांवर,
आणि इतका वेळ मिटलेली ती पाठ
माझ्यासमोर उघडली.

मानेच्या उंचवट्यापासून खालच्या घळीपर्यंत
मी मनातल्या मनात दोरा ताणला.
"सुई कुठं वाटते? डावीकडं की उजवीकडं?"
"डावीकडं. एका पातीएवढी."
मी पातीएवढा सरकलो.
"आता?"
"आता मधोमध."

लांब सुई. मग तो बारीकसा टच्,
कानाला नाही, बोटालाच ऐकू येणारा.
आणि थेंब. स्वच्छ. मी श्वास सोडला,
मेलिआमेनंही, पण ती कबूल करणार नाही.

"पाय गरम झाले," उनालोतो म्हणाली.
थोड्या वेळानं: "पाय माझे नाहीतच."

मग मात्र पटापट.
खांद्यांखाली घड्या घातलेल्या चादरी, अजून एक, अजून एक,
कान आणि छातीचं हाड एका पातळीत येईपर्यंत,
उजव्या कुल्ह्याखाली उशी,
पोटाचा भार डावीकडं कललेला.
झोपवलं असं वाटू नये, टेकवलं असं वाटावं.

मुलगी झाली. रडायला जरा वेळ घेतला तिनं.

पहाटे केसपेपर भरताना
'स्थिती' या रकान्यात मी लिहिलं: बसून.
मग ते खोडलं.
लिहिलं: विणायला बसल्यासारखी.
सकाळच्या पाळीत कुणीतरी विचारेल, हे काय?
मेलिआमेला विचारा म्हणेन.
ती काही सांगायची नाही,
मांडी घालून दाखवेल.