येळ्ळूरच्या माळावर, दुसरा रविवार

उद्यमबागेत मी लेथवर असतो.
सतरा वर्षं हाताला एकच शिकवलंय :
घट्ट धर.
चक घट्ट, टूल घट्ट,
केसाएवढं हललं तरी जॉब भंगारात.

आणि आता हा इनास, खानापूरचा,
ज्याच्या गॅरेजात ही गाडी जन्मली
(टाकी एकीची, चासी दुसरीची,
टायर खुट्ट्याखुट्ट्यांचे,
लाइट नाहीच, कागदं विचारू नका)
तो म्हणतो, सैल सोड.
हँडल म्हणजे कोंबडीचं पिल्लू समज,
सुटू नये, पण मरूही नये.

भातं कापून झालीत.
वाफ्यात मसूर बोटभर वर आलाय,
त्याच्या बांधावरून ढकलत आणली गाडी, तीन घामाघूम माणसांनी,
चौथा मी, हेल्मेट सांभाळत.
समोर राजहंसगड,
थंडीनं अजून निळा.

"उभा ऱ्हा की बे!" भरमा ओरडतो,
"पाटावर जेवायला बसल्यासारखा काय बसालास!"
शिवलिंग पुढं पळत हात हलवतो, कन्नडात.
इनासचं कोकणी तोंडातल्या तोंडात,
देव आणि शिवी एकाच श्वासात.

उभा राहिलो.
गुडघ्यांत टाकी धरली, कोपरं उघडली,
आणि खालून गाडी आपली आपली थरथरू लागली
म्हैस अंगावरची माशी उडवते तशी,
वर मी, नुसता पाहुणा.

दहा सेकंद. फार तर बारा.

एवढा मोठा माळ.
झाड नाही, खड्डा नाही, ढोर नाही.
मधोमध एक दगड, सर्व्हे नंबरचा, चुना लावलेला,
कुणा दोन भावांची वाटणी झाली तेव्हा रोवलेला.
मी मनाशी म्हटलं, त्या दगडाला लागायचं नाही.
त्या दगडाला नाही.
त्या दगडाला

तोंडात तांबडी माती.
चव लोखंडाची, म्हणजे कामावरचीच.
तिघं धावत आले.
आधी गाडी उचलली. मग मला.

"अख्खा माळ सोडून दगडच कसा सापडला रे तुला?"
भरमाला हसून उचकी लागलेली.
"बघत कुठं होतास?"
दगडाकडं.
"मग झालं की."

शिवलिंग हसला नाही.
त्यानं हेल्मेटासकट माझं डोकं दोन्ही हातांत धरलं,
कलिंगड पारखावं तसं,
आणि गडाकडं वळवलं.
"कल्ल नोडब्याड. मुंद नोड."
दगड बघू नको, पुढं बघ.
एवढं कन्नड मला येतं,
एकाच डब्यातली भाकरी मोडलीय आम्ही, किती वर्षं.

गडाच्या तटाला एक फट आहे.
तिच्यातून आभाळ दिसतं, टाचणीच्या डोक्याएवढं.
डोळे तिथं नेऊन ठेवले.
क्लच सोडला.
पिल्लू जिवंत होतं मुठीत.

दगड डावीकडून गेला की उजवीकडून,
मला विचारू नका. भरमाला माहीत.
मला एवढंच की इंजिनाचा आवाज
मागं कुठंतरी राहिल्यासारखा झाला,
आणि फट मोठी होत गेली,
सुपारीएवढी, मग वाटीएवढी.

वळताना पुन्हा पडलो.
पण ते पडणं माझं स्वतःचं,
त्यात कुणाचा दगड नव्हता.

मग किक बसेना. प्लग ओला.
देसूर फाट्यापर्यंत ढकलत नेली, पाळीपाळीनं,
तिथं मिरची भजी, पैसे मी दिले,
पडणाऱ्यानं द्यायचे हा इनासचा कायदा.
भज्याच्या कागदात तेल उतरलेलं,
माझ्या बोटांचे तांबडे ठसे त्यावर.

सोमवारी चक आवळताना मनगटात कळ आली.
सुपरवायझरनं विचारलं, काय झालं हाताला?
म्हटलं, काही नाही साहेब,
सैल सोडायला शिकालोय.

तो काही बोलला नाही.
गुपचूप मायक्रोमीटर उचलला
आणि सकाळपासूनचे माझे सगळे जॉब
एकेक करून मोजायला लागला.