झडप क्रमांक तीन

उधाणाचं वेळापत्रक माझ्या केबिनमध्ये खिळ्याला असतं,
गॅसच्या पावत्यांसोबत टोचलेलं.
श्रावणाची अमावास्या, रात्री बारा सदतीस.
बारा सदतीसला खाडी आली.
पाऊसही होता. असतोच.

इथवर काही बुडालेलं नाही.

दिवाळ्याचे हिराजी तांडेल म्हणतात,
उधाण आन् भांग, ही पान्याची हजेरी, चुकवत नाय.
त्यांच्या आज्याने या जागेला कधी जमीन म्हटलं नाही.
खाजण म्हणायचा, आणि भरतीआधी
उघाडीची फळी हाताने चाचपून यायचा.
आम्ही सेक्टर म्हटलं. आकडे दिले, तळमजले दिले,
तळमजल्यांखाली तळघरं.

झडप लोखंडी आहे.
भरतीला आपली आपण मिटते, ओहोटीला उघडते.
वीज लागत नाही, माणूस लागत नाही,
बिजागरीला ग्रीस लागतं.
त्यासाठी मी तीन पत्रं लिहिली. जावक क्रमांक आहेत माझ्याकडे.
एकाचं उत्तर आलं: नव्या नमुन्यात अर्ज करावा.
त्या रात्री तिच्या जबड्यात कुणाची तरी गादी होती
आणि गेल्या वर्षीचं थर्माकोलचं मखर,
खांबावरची सोनेरी टिकली न् टिकली शाबूत.
ती अर्धी मिटली. अर्धी म्हणजे नाहीच.

खाडी रस्त्यावर आली, रॅम्पवरून वळली,
जिथे नकाशात मोटारी झोपतात
आणि खरं तर बिराप्पा झोपायचा, सोसायटीचा वॉचमन.
जत तालुक्यातला. टँकरच्या रांगेत वाढलेला.
पोहायला कुठे शिकणार?

साहेब आले पंचनाम्याला, गमबूट कोरे.
शिक्का आधीच बनवून आणला होता: नैसर्गिक आपत्ती.
दोन शब्द, मधली जागाही पुसट.
मी म्हटलं, साहेब,
निसर्ग बारा सदतीसला आला, पावणेसातला परत गेला,
माझ्या वहीत नोंद आहे.
बाकीचं वेगळ्या कागदावर घ्या.
ते म्हणाले, कागद एकच असतो.

मी सही केली.

ग्रीसचा डबा तुर्भ्याला मिळतो,
एकशे नव्वद रुपयांना.
त्या महिन्यात माझ्या खिशात तेवढे होते.
हे मला कुणी विचारलं नाही.